शेवटच्या गल्लीचं ऑडिट

निंबजळग्याचं ऑडिट वेळेत आणि बिनबोभाट उरकलं, तर रेवणप्पाच्या पदरात काय काय पडणार होतं ते आधी मांडून घेऊ. लातूरच्या नव्या शाखेचं प्रमुखपद, म्हणजे फिरणारी खुर्ची आणि दारावर नावाची पाटी. लातुरात कंपनीचं घर, तेही क्लासच्या गल्ल्यांपासून हाकेच्या अंतरावर. सगळा मराठवाडा तेव्हा आपली पोरं डॉक्टर-इंजिनियर करून आणायला त्याच गल्ल्यांत पाठवू लागला होता. त्यामुळे दहावीतल्या लेकीला, रुद्राणीला, पुढच्या वर्षी हॉस्टेलात टाकायची वेळ येणार नव्हती. आणि चारचौघांत न सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट. लोह्याचा मेव्हणा दर दिवाळीला ताटावर बसल्या बसल्या विचारायचा, "दाजी, अजून नांदेडातच हाव का?" त्याचं तोंड कायमचं बंद होणार होतं.

रेवणप्पा हावरा नव्हता. विष्णुपुरीच्या इंजिनियरिंग कॉलेजातून शिकून निघालेला, कामाला चोख, हाताचा स्वच्छ माणूस. ठेकेदाराच्या घरचं पाकीट त्यानं कधी घेतलं नाही. एवढी खात्री पदरी असली की माणूस स्वतःच्या खात्याच्या नावे बाजूकडे बघायचं सोडून देतो. रेवणप्पानंही सोडलं होतं. तपासायचं ते दुसऱ्याचं काम. आपण काय, तपासणारे.

भूकंपाला तेव्हा अडीच-तीन वर्षं झाली होती. त्र्याण्णवला गणपती बुडवून लोक झोपले ते पहाटे जुन्या निंबजळग्याच्या दगडमातीच्या भिंतींखालीच राहिले. गाव उचलून माळावर नेलं, नवी पक्की घरं बांधायला काढली. बांधतो कोण आणि बांधतो कसं हे बघायला सरकारनं तिसराच माणूस नेमला, तो म्हणजे रेवणप्पाची सल्लागार कंपनी. त्या फाल्गुनात गाव कागदोपत्री ताब्यात द्यायच्या आधीचं शेवटचं गुणवत्ता ऑडिट होतं.

ऑडिट म्हणजे मुलगी पाहायला जाण्यासारखंच. आधी निरोप धाडायचा, की अमुक दिवशी येतोय. मग बैठकीत बसून चहा घ्यायचा आणि कशासाठी आलोय ते सगळ्यांना ठाऊक असताना पुन्हा सांगायचं. मग कागद बघायचे. मग प्रत्यक्ष पाहायचं, टोकून, ठोकून, खरवडून. खोट दिसली तर समोरच्याच्या तोंडावर सांगायची आणि घरी जाऊन सविस्तर कळवायचं. फरक एवढाच, की इथं नकार लेखी द्यावा लागतो आणि कारण खरं लिहावं लागतं.

निघताना कोंडाबाईनं, म्हणजे त्याच्या आईनं, डबा हातात दिला नाही. "त्या ठेकेदाराकडं, नरसिंगकडं जेवण हाय म्हणतोस ना? मग ठीक. पर भलत्याच्या घरचं पाणी पिऊन येऊ नको. माझं सोवळं तुझ्या हातात हाय बाबा." तिच्या मागे भिंतीवर बसवण्णांची तसबीर होती. ज्यांनी आठशे वर्षांपूर्वी हेच सोवळं मोडीत काढलं त्यांना ही माउली रोज न चुकता फुलं वाहायची. रेवणप्पा हसला. तो स्वतः जातपात मानत नसे. फक्त आईचं मन मोडत नसे, इतकंच. आपल्याकडं जात मानणारं कुणी नाहीच. आहेत ती फक्त आईचं मन न मोडणारी लेकरं.

जीप खाजाभाई चालवत होता. कंपनीतला जुना ड्रायव्हर, जिथं गाडी थांबेल तिथं चहा मिळवणारा.

नरसिंग हा गावचाच माणूस आणि गावचाच ठेकेदार. पहिली बैठक त्याच्याच ओट्यावर झाली. सरपंच चंद्रप्पा, गावातले आणखी चार-पाच टोपीवाले, मध्ये चहाची किटली. रेवणप्पानं कार्यपद्धत सांगितली: कागद तपासू, मग चिठ्ठ्या टाकून घरं निवडू, निवडलेली घरं आतून-बाहेरून पाहू, सांजेला निष्कर्ष वाचू.

"म्हंजे समदी घरं न्हाई बघणार?" चंद्रप्पानं विचारलं.

"सरपंच, भात शिजला का बघायला आख्खं पातेलं कुणी खातं का?"

ओटा हसला. नरसिंग सगळ्यांत मोठ्यानं.

कागद उत्तम होते. सिमेंटच्या गोण्या, सळईचं वजन, ठोकळे दाबून घेतलेल्या चाचण्या, सगळं जागच्या जागी. मग चिठ्ठ्या. खाजाभाईनं डोक्यावरची टोपी काढली, चिठ्ठ्या त्यात हलवल्या आणि एकेक उचलून देऊ लागला. प्रत्येक गल्लीतून एक, असा नियम. शेवटच्या गल्लीची चिठ्ठी निघाली ती लिंबाजीच्या घराची.

शेवटची गल्ली म्हणजे बौद्ध वस्ती. जुन्या गावात ती ओढ्यापलीकडं होती. नव्या गावात ओढा नव्हता, म्हणून मध्ये रिकामं मैदान सोडलं होतं. आराखडा शहरात बसून केलेला, पण जागा गावानं सुचवलेली.

नरसिंगनं चिठ्ठी पाहिली आणि घड्याळाकडं पाहिलं. "साहेब, तिकडं कुठं उन्हाचं निघालाव? जेवण वाढून राहिले आत."

"नियम आहे, नरसिंगराव."

"असंल की. मी कुठं न्हाई म्हणलो?" नरसिंग जवळ सरकला, आवाज खाली आणला. "पर बगा, घरात पाऊल टाकलं की ते लोक पाणी पुढं करतेत. न्हाई म्हणलात तर बोभाटा. हल्लीचं ठाऊक हाय तुम्हाला. हाव म्हणून पिऊन आलात तर मला काय न्हाई, पर आत आमची म्हातारी हाय. तिला कळलं की तुमचं ताट ओट्यावर येगळं मांडंल. शोभंल का ते? तुमच्यासारख्या माणसाला?"

ओट्यावरची मंडळी आभाळाकडं बघत होती. सगळ्यांनी ऐकलं होतं. कुणी "असं कसं" म्हणालं नाही.

रेवणप्पाच्या डोळ्यांपुढं आधी ओट्यावरचं ताट आलं, मग आई, मग खुर्ची. घर बंद असलं तर दुसरं निवडता येतं, असंही नियमातच होतं. गावातली सगळी घरं एकाच नकाशाची, एकाच ठेकेदाराची. एकाच्या जागी दुसरं पाहिलं म्हणून काय बिघडतं? त्यानं ती चिठ्ठी टोपीत परत टाकली आणि मधल्या गल्लीतलं एक घर लिहून घेतलं. लिंबाजीच्या घरापुढं लिहिलं, 'कुलूप होते.'

खाजाभाई टोपी झटकून डोक्यावर ठेवत म्हणाला, "साब, कुलूप तो मैंने नहीं देखा."

"तू गाडी बघ."

"गाडीच देख रहा, साब," खाजाभाई म्हणाला आणि मैदान ओलांडून शेवटच्या गल्लीत चहा प्यायला निघून गेला.

दुपारभर घरं पाहिली. खोटं कशाला बोला, ती घरं चांगली होती. स्लॅबवर हातोडी मारली की घंटेसारखा खणखणीत आवाज. एका भिंतीला बारीक भेग होती, एका खिडकीची चौकट तिरकी. रेवणप्पानं दोन्हीची नोंद केली, म्हणजे आपण काही सोडत नाही याचं समाधानही झालं. नरसिंगनं या गल्ल्यांत चोरी केली नव्हती. तो अडाणी नव्हता. साहेब लोक कोणत्या उंबऱ्याच्या आत जातात आणि कोणत्या उंबऱ्याशी त्यांना दुसऱ्या कामाची आठवण होते, हे त्याला अनेक वर्षं ठाऊक होतं. कच्चं काम लपवायला गावात याहून सुरक्षित जागा नव्हती.

सांजेला देवळापुढं निष्कर्ष वाचायची बैठक. गाव पारावर बसलं. शेवटच्या गल्लीची माणसं जरा अंतर राखून उभी राहिली. त्यांना कुणी उभं राहा म्हणालं नव्हतं, बसा असंही म्हणालं नव्हतं. त्यात लिंबाजी होता, त्याची बायको पार्वतीबाई होती आणि दोघांच्या मध्ये त्यांची लेक लुंबिनी, दहावीचं पुस्तक काखेत धरून.

पार्वतीबाईची एक गोष्ट सांगायला हवी. भूकंपाच्या पहाटे गावातली मोठमोठी माळवदं, दगडमातीची जड छपरं, बसली, पण तिचं पाचटाचं खोपट नुसतं वाकलं. गरिबाच्या डोक्यावर ओझं नव्हतं म्हणून गरीब वाचला. वाकल्या खोपटातून बाहेर येऊन तिनं हातानं दगड उचकले आणि ज्यांच्या विहिरीला तिनं जन्मात कधी हात लावला नव्हता त्यांना पायाला धरून बाहेर ओढलं. त्या दिवसापासून तिनं एक धरलं, की दगड-सिमेंटाच्या खाली पाठ टेकवायची नाही. घर बांधून झालं, लिंबाजीनं चूल आत मांडली, पण ही बाई रात्री पत्र्याच्या शेडमध्येच. आता परीक्षा तोंडावर, शेडचा पत्रा तापलेला, आणि लुंबिनी आईला सोडून आत जायला तयार नाही. म्हणून घरात रोज तोच वाद.

रेवणप्पानं निष्कर्ष वाचला. काम समाधानकारक. दोन किरकोळ दोष, दुरुस्त करून द्यावेत. घरं राहण्यास योग्य.

टाळ्या वाजत असतानाच लुंबिनी म्हणाली, "सर, आमच्या गल्लीतलं कोणतं घर बघितलं?"

"ए पोरी," नरसिंग खेकसला, "साहेब इंजिनियर हायती. तुझा दहावीचा पेपर हाय काय हा?"

"विचारू द्या हो," रेवणप्पा मोठ्या मनानं म्हणाला. "बाळ, याला नमुना पद्धत म्हणतात. शितावरून भाताची परीक्षा. सगळी घरं पाहायची गरज नसते."

"हाव सर. पर ते शीत आमच्या भांड्यातलं न्हवतं."

पारावर कुणीतरी खाकरलं. चंद्रप्पा म्हणाला, "लिंबाजी, लेक लई शिकवलीस बाबा." आणि हशा पिकला. लिंबाजी लेकीचा दंड धरून तिला मागं ओढू लागला.

तेव्हा पार्वतीबाई पुढं आली. तिला त्या शीत-भाताशी काही देणंघेणं नव्हतं. पदर सावरून ती रेवणप्पापुढं, पण चार हात लांब, उभी राहिली.

"साहेब, मला त्यातलं कळत न्हाई. लेकरू म्हणतंय आत चल, मालक म्हणतेत आत चल. मला भेव वाटतंय. तुम्ही शिकलेले हाव, तुम्ही ठोकून बघितलाव. एवढंच सांगा, आत निजू का?"

इथं, वाचणाऱ्यानं थांबावं. रेवणप्पाला अजून वाट होती. जीप उभी होती, हातोडी पिशवीत होती, उजेड होता. 'थांबा मावशी, तुमचं घर तेवढं पाहून येतो,' एवढं म्हटलं असतं तर सगळ्या कथेचं काही कारणच उरलं नसतं. पण तसं म्हणणं म्हणजे मघाशी पाहिलं नाही हे कबूल करणं. आणि समोर सगळं गाव.

"निजा मावशी," तो म्हणाला. "बिनघोर निजा."

बाईनं लांबूनच दोन्ही हात जोडले. त्याच रात्रीपासून ती आत निजू लागली.

*

जूनमध्ये रेवणप्पा लातुरात आला. खुर्ची फिरत होती, पाटी लागली होती, मेव्हणा गप्प होता. रुद्राणी अकरावीच्या क्लासला जाऊ लागली. लातूर तेव्हा एक निराळंच शहर झालं होतं. सायकलींच्या रांगा, भिंतीभिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, वरच्या मजल्यावर क्लास आणि खालच्या मजल्यावर मेस, आणि खोली भाड्यानं देताना मालकाचा पहिला प्रश्न, "आडनाव काय?" मग उत्तराप्रमाणे खोली कधी रिकामी असायची, कधी नुकतीच गेलेली.

रुद्राणी घरी येऊन बाकावरच्या मैत्रिणीचं कौतुक सांगायची. ही मुलगी म्हणे भौतिकशास्त्रात सरांनाच अडवते. डब्यात ठेचा असा आणते की डोळ्यांत पाणी यावं. "आणि बाबा, कशालाही 'का' विचारती ती. सर वैतागतेत."

"कुणाची कोण?" कोंडाबाई विचारायची.

"लुंबिनी नाव हाय, आजी."

नावावरून म्हातारीनं काय ते ओळखलं आणि नातीचा डबा वेगळा घासायला सुरुवात केली. रेवणप्पानं नाव ऐकलं, पण ते त्याच्या मनात कुठं अडकलं नाही. पाराजवळच्या त्या मुलीला त्यानं नाव विचारलंच कुठं होतं?

दिवाळीनंतर एका दुपारी रुद्राणी क्लासमधून लवकर आली. दप्तर दारातच टाकलं.

"बाबा, लुंबिनीची आई गेली. घर पडलं म्हणे अंगावर. नव्या गावातलं घर."

"कोणतं गाव?" रेवणप्पानं विचारलं.

"निंबजळगा."

आदल्या दिवशी बारीकसा हादरा बसला होता. त्या भागात असे हादरे अधूनमधून येतच. वरच्या गल्ल्यांत मांडणीवरची ताटं वाजली, एवढंच. शेवटच्या गल्लीत पार्वतीबाई भर दुपारी घरात ज्वारी पाखडत बसली होती आणि स्लॅबचा मधला भाग तिच्यावर आणि हातातल्या सुपावर कोसळला. लिंबाजी बाहेर शेळी बांधत होता. भूकंपानं जिला सोडलं होतं, तिला पास झालेल्या घरानं नेलं.

पद्धतीप्रमाणे पुन्हा ऑडिट आलं. पहिलं ज्यानं केलं त्यालाच पाठवायचं, म्हणजे नवी भानगड निघत नाही, असा कंपनीचा शहाणपणा. कामाच्या भाषेत याला मूळ कारणाचा शोध म्हणतात. रीत सोपी आहे. जे घडलं त्याला 'का' विचारायचं. जे उत्तर येईल त्याला पुन्हा 'का'. असं पुढं 'का' विचारता येणार नाही तिथपर्यंत जायचं.

या वेळी रेवणप्पा त्या घरात गेला. जीपमधून उतरला तो सरळ मैदान ओलांडून. खाजाभाई काही न बोलता मागून हातोडी घेऊन आला. घरात आभाळ दिसत होतं. उरलेल्या स्लॅबवर रेवणप्पानं हातोडी मारली, तर ढब्ब असा आवाज, सडक्या लाकडावर मारल्यासारखा. नखानं खरवडलं तर सिमेंट वाळूसारखं ओघळलं. शेजारच्या घरात तेच. त्याच्या शेजारच्या घरात तेच. दारोदार तेच.

सळई तोडकी होतीच. पण मोठा घात निराळा होता. ओतलेल्या स्लॅबला पुढं कित्येक दिवस पाणी मारावं लागतं, तेव्हा तो मुरतो. या स्लॅबला पाणी लागलंच नव्हतं.

"लिंबाजीमामा, पाणी का मारलं नाही?"

लिंबाजी भिंतीला टेकून बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही. "कुठनं आणावं? टँकर चौकात थांबायचा. इकडं येत नव्हता."

"मग गावच्या विहिरीवरनं?"

लिंबाजीनं आता वर पाहिलं. "साहेब, तुम्ही कुण्या मुलखातले हाव?"

मग त्यानंच सांगितलं. नरसिंगनं पार्वतीबाईला रोजानं ठेवलं होतं, वरच्या गल्ल्यांतल्या स्लॅबांवर टँकरचं पाणी मारायला. "समद्या गावाचे स्लॅब तिनं भिजवले. कामाला आमचे हात चालतेत. सांजेला नरसिंगला म्हणायची, मालक, एक खेप आमच्या गल्लीला सोडा. तो म्हणायचा, टँकरचा पाइप तुमच्यात लागला की मग वर कोण पिणार ते पाणी? उद्या बगू."

लुंबिनी दारात उभी होती. तिनं दोन्ही डोळ्यांनी रडून घेतलं होतं. आता ते कोरडे होते.

"सर, मी तिला आत न्हेलं. ती नगं नगं म्हणत होती. मी म्हणलं, आई, साहेब म्हणालेत."

रेवणप्पानं वही उघडली.

"तुम्ही काय लिहिणार?"

"स्लॅबला पाणी कमी पडलं, असं..."

"का कमी पडलं?"

"टँकर आला नाही."

"का आला न्हाई?"

त्यानं वही मिटली.

"आन हे तपासताना का दिसलं न्हाई? आमच्या घराला कुलूप कुणी घातलं होतं, सर? आम्हाला अजून कुलूप घ्यायचंच हाय." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमचं 'का' कुठं थांबणार हाय, तेवढं सांगा. मग मी लातूरला जाते. माझा पेपर हाय."

कधी कधी माणसाला खाली पाडायला धक्का लागत नाही. जिथं टेकला होता ते काढून घेतलं की पुरे होतं.

*

अहवाल रेवणप्पानं घरी बसून लिहिला. दोन दिवसांनी कंपनीच्या मोठ्या साहेबांनी त्याला बोलावलं. साहेब सज्जन होते, चष्मा पुसत बोलायचे.

"रेवणप्पा, इथपर्यंत ठीक आहे. 'पुरेसे पाणी मारले गेले नाही.' हे तांत्रिक कारण झालं. पुढचं काढा."

"पुढचंच कारण आहे, साहेब. अलीकडचं सगळं परिणाम आहे."

"'बौद्ध वस्तीस टँकर व विहीर बंद होती.' 'याच कारणाने तपासणी अधिकाऱ्याने निवडलेले घर पाहण्याचे टाळले व कुलूप असल्याची खोटी नोंद केली.' अहो, हे स्वतःविषयी लिहिलंय तुम्ही!"

"मीच होतो ना तिथं."

"आपल्या अहवालाच्या नमुन्यात जात हा रकाना नाही, रेवणप्पा."

"म्हणून तर ती कधी सापडत नाही, साहेब."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर ठेवला. "हे बघा. पाण्याची टंचाई लिहा. मराठवाड्यात टंचाईला कुणी 'का' विचारत नाही. नरसिंगवर कारवाई होईल, त्या कुटुंबाला मदत मिळेल, तुम्ही इथंच राहाल. मुलगी शिकते ना तुमची?"

"शिकते. तिच्या बाकावर त्याच बाईची लेक बसते."

"मग?"

"मग काही नाही. हा बदलला तर मी सही करणार नाही."

बाहेरच्या बाकावर नरसिंग बसला होता. त्याला आतलं सगळं कळलं होतं. "काय साहेब," तो म्हणाला, "त्या दिवशी माझ्या घरी पोटभर जेवलाव, आन आज ताटालाच लाथ?"

"जेवलो म्हणूनच, नरसिंगराव. ते जेवण अजून उतरलं नाही."

घरी त्यानं आईला सगळं सांगितलं, चिठ्ठीपासून. कोंडाबाई ऐकत राहिली. "मी तुला पाणी पिऊ नको म्हणले होते," ती शेवटी म्हणाली, "माणूस मार म्हणले नव्हते." आणि मग त्याच्यावरच उखडली, की नोकरी घालवलीस, लोकांत नाव घालवलंस. त्या रात्री ती जेवली नाही. तिचा राग नक्की कशावर होता, हे तिलाही सांगता आलं नसतं.

पुढच्या रविवारी रेवणप्पानं आपली प्रत घेतली, निंबजळगा गाठलं आणि त्याच देवळापुढं, त्याच पारासमोर अहवाल मोठ्यानं वाचला. पहिल्यापासून शेवटच्या 'का'पर्यंत. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. चंद्रप्पा अर्ध्यातूनच उठून गेला. लुंबिनीनं ती प्रत मागून घेतली आणि बापाला सोबत घेऊन थेट जिल्हाधिकारी कचेरीत नेऊन दिली.

आता हिशेब.

नरसिंगचं नाव काळ्या यादीत गेलं. पुढचं काम त्यानं भावाच्या नावानं घेतलं. कंपनीनं दुसऱ्या माणसाकडून दुसरा अहवाल लिहून घेतला. त्यात टंचाई आहे, जात नाही, आणि तो सुबक टाइप केलेला आहे. फिरत्या खुर्चीवर नवा साहेब बसला. रेवणप्पा नांदेडला परतला. घरांचे नकाशे काढून देतो, आणि ज्याच्या घराचा नकाशा त्याच्या घरी बसून पाणी मागून घेतो. लोह्याच्या मेव्हण्याला पुन्हा वाचा फुटली. रुद्राणी लातुरातच राहिली, लुंबिनीच्या खोलीत. ती खोली मिळवायला दोघींना बरीच दारं पाहावी लागली.

शेवटच्या गल्लीतले सगळे स्लॅब पाडून नव्यानं ओतायचा हुकूम निघाला. तोवर गल्ली पुन्हा पत्र्याखाली गेली. टँकर आता मैदान ओलांडून येतो, पण बाकी गावाचं भरून झाल्यावर. लिंबाजीचं नवं घर उभं राहिलं तेव्हा तो आत गेला नाही. तो अजून बाहेरच निजतो.

पार्वतीबाईनं काय मोल भरलं ते पुन्हा मांडायला नको.

आणि त्या दुपारी नरसिंगच्या ओट्यावर आभाळाकडं बघत बसलेली जी मंडळी होती, ज्यांनी सगळं ऐकलं होतं आणि मग हात धुऊन पंगतीला बसली, त्यांनी काहीच भरलं नाही. त्यांच्याकडं कुणी मागितलंही नाही.